नियम, नीती आणि नियामक : प्रामाणिक माणूस हरू नये म्हणून

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. नियामक यंत्रणा संस्थांकडून, म्हणजे कंपन्या, कारखाने, बँका, रुग्णालयं यांच्याकडून, नियम कसे पाळून घेऊ शकतात? आणि त्याच्याही पुढे जाऊन, या संस्थांनी नीतीने वागावं यासाठी त्यांना काही करता येतं का? 'नियामक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फायली, शिक्के आणि बंद दार येतं. पण आपण सकाळी पितो ते दूध, घेतो ती गोळी, बँकेतली ठेव, घराजवळच्या चिमणीतून निघणारा धूर, या सगळ्यावर कुणीतरी नजर ठेवावी अशी व्यवस्था आपणच केलेली आहे. ती नजर चुकली की काय होतं, हे १९८४च्या डिसेंबरमध्ये भोपाळने आपल्याला दाखवलं. तेव्हा विषय तितकासा कोरडा नाही.

आपण तत्त्वज्ञानाच्या बाजूने सुरुवात करू, आणि मग लवकरच चिमण्या, तपासनीस आणि दंडाच्या पावत्यांकडे येऊ.

कांटचा दुकानदार

इमॅन्युएल कांटच्या १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक दुकानदार येतो. तो सगळ्यांना एकच भाव लावतो. लहान मूल आलं तरी त्याला फसवत नाही. कांट विचारतो, हा माणूस प्रामाणिक आहे म्हणून असं वागतो, की फसवल्याचं कळलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण पहिलं कर्तव्यबुद्धीने केलेलं आहे, दुसरं कर्तव्याशी फक्त जुळणारं आहे.

आता नियामकाच्या जागी उभं राहून बघा. त्याला दुकानदाराचं मन दिसत नाही. त्याला दिसतो तराजू, पावती आणि भाव. म्हणजे कायद्याचा हात वागण्यापर्यंत पोचतो, हेतूपर्यंत पोचत नाही. मग 'संस्थांना नीतिमान बनवणं' हे काम त्याच्यावर सोपवणं म्हणजे अशक्य गोष्ट मागणं झालं का?

आपल्याला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण असं. कांटचा दुकानदार एकटा आहे. संस्था एकटी नसते. कुठल्याही मोठ्या कारखान्यात जा, तिथे तीन प्रकारची माणसं भेटतील. काहींना नीट काम करायचं असतं, मग कुणी बघो न बघो. काहींना कसंही करून वाट काढायची असते. आणि बहुसंख्य माणसं मधली असतात. इथे कुणाचं चालतं, याचा अंदाज घेऊन ती आपलं वागणं ठरवतात. सुरक्षा अधिकारी म्हणतो, 'साहेब, हा व्हॉल्व्ह बदलायला हवा.' खर्च बघणारा म्हणतो, 'पुढच्या वर्षी बघू.' या दोघांत कोण जिंकतं, ते त्या दोघांच्या सद्गुणांवर फारसं ठरत नाही. बाहेरची व्यवस्था कुणाच्या हातात मुद्दा देते, त्यावर ठरतं.

म्हणून आजच्या व्याख्यानाचं सूत्र सरळ सांगून टाकू: नियामक कुणाला सद्गुणी करू शकत नाही. पण संस्थेच्या आत जो माणूस आधीच बरोबर बोलतो आहे, तो हरणार नाही अशी परिस्थिती तो निर्माण करू शकतो. नियमपालन आणि नीती यांचा सांधा इथेच आहे.

माहिती होती, वजन नव्हतं

भोपाळकडे या नजरेने बघितलं तर काय दिसतं? १९८२ साली युनियन कार्बाइडच्याच अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या पथकाने कारखान्याची पाहणी करून दोष दाखवणारा अहवाल दिला होता. राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने त्याच वर्षापासून धोक्याचे इशारे छापले होते. आणि तरीही २ आणि ३ डिसेंबरच्या त्या रात्री, वायूची टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद होतं, निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता, आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा त्या प्रमाणाला पुरी पडली नाही.

म्हणजे अज्ञान हे कारण सांगता येत नाही. आत माहिती होती, बाहेरही होती. त्या माहितीला वजन नव्हतं. जो सांगत होता त्याच्या शब्दावरून काही थांबावं, अशी जागा व्यवस्थेत नव्हती. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण आलं. संभाव्य धोक्याची माहिती कामगारांना दिली पाहिजे, आणि धोका समोर दिसत असेल तर कामगाराने तो व्यवस्थापनाच्या आणि तपासनिसाच्या नजरेस आणून द्यावा, हा त्याचा हक्क आहे, हे कायद्यात लिहिलं गेलं. उशिरा लिहिलं गेलं, पण दिशा बरोबर होती. आतल्या माणसाच्या शब्दाला कायद्याने वजन दिलं.

दंड कधी चालतो, कधी उलटतो

आता नेहमीचा उपाय घेऊ. 'दंड वाढवा, सगळे सरळ होतील.' इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी हे त्याचे अभ्यासक. आईवडील मुलांना न्यायला उशिरा यायचे. काही पाळणाघरांनी उशिराबद्दल छोटासा दंड सुरू केला. अपेक्षा होती उशीर कमी होईल. झालं उलटं, उशिरा येणारे वाढले. आणि दंड काढून टाकल्यावरही ते कमी झाले नाहीत.

कारण काय? आधी उशीर झाला की ओशाळं वाटायचं. 'बाई आपल्यामुळे थांबल्या' ही टोचणी होती. दंड आल्यावर ती सेवा झाली आणि दंड तिची किंमत. पैसे भरले की हिशेब मिटला. आपल्याकडे कितीतरी उद्योगांच्या अंदाजपत्रकात दंडाची रक्कम हा 'खर्चाचा एक भाग' असतो, तो याच अर्थाने. दंड लहान आणि यांत्रिक असेल तर तो नियम मोडण्याचा परवाना होऊन बसतो.

यावरून दंड नकोच असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने कोळसा खाणींची सुरक्षितता, औषध कंपन्या, वृद्धाश्रम अशा क्षेत्रांत नियामक नेमकं काय करतात ते वर्षानुवर्षं पाहिलं. इयन एअर्स यांच्याबरोबर १९९२ साली त्यांनी एक मांडणी केली. तिला आपण 'प्रतिसादी नियमन' म्हणू. एक पिरॅमिड डोळ्यांपुढे आणा. तळाशी, सगळ्यांत रुंद भागात, समजावणं आणि मदत करणं. त्याच्यावर इशारापत्र. त्याच्यावर दंड. मग खटला. आणि अगदी टोकाला परवाना रद्द. सुरुवात नेहमी तळापासून करायची. समोरचा दाद देत नसेल तर एकेक पायरी वर चढायचं. तो सुधारला तर खालीही उतरायचं.

यातलं शहाणपण असं की समोरच्याला पहिल्याच भेटीत चोर ठरवलं, तर जो खरोखर प्रयत्न करत होता तोही मनातून तुटतो, आणि उरतो तो फक्त वकिलांचा खेळ. उलट, वरच्या पायऱ्या नाहीतच हे सगळ्यांना माहीत असेल तर तळाचं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. टोकाची शिक्षा खरी असेल, तरच हळू आवाजात बोललेलं ऐकू जातं.

आपल्याकडे अडचण कुठे होती ते आता लक्षात येईल. १९७४चा पाण्याचा आणि १९८१चा हवेचा प्रदूषण कायदा बघा. प्रदूषण मंडळाच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी होत्या. नोटीस पाठवणं, किंवा एकदम टोकाला जाऊन कारखाना बंद करणं, वीज-पाणी तोडणं, नाहीतर फौजदारी खटला भरणं. म्हणजे जिना होता, पण मधल्या पायऱ्याच नव्हत्या. शेकडो कामगारांचा रोजगार जाईल म्हणून टोकाचं पाऊल क्वचित उचललं जायचं, आणि नोटिशीला कुणी घाबरायचं नाही. २०२३चा जनविश्वास कायदा आणि २०२४ची पाणी कायद्यातली दुरुस्ती यांनी बऱ्याच ठिकाणी फौजदारी शिक्षेऐवजी आर्थिक दंड आणला. मधल्या पायऱ्या आल्या, हे चांगलं. पण त्या हैफाच्या पाळणाघरासारख्या वापरल्या जाऊ नयेत, यावर लक्ष ठेवावं लागेल.

लेखापरीक्षकाला पैसे कोण देतं?

आता आजच्या विषयाचा गाभा. गुजरातेत १९९६पासून, उच्च न्यायालयाच्या आदेशावरून, जास्त प्रदूषणक्षमता असलेल्या कारखान्यांना बाहेरच्या परीक्षकाकडून पर्यावरण लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. कल्पना उत्तम. फक्त त्या काळी परीक्षक निवडायचा कारखान्याने, आणि त्याची फीही द्यायची कारखान्यानेच. पुढे काय होणार हे आपल्याला वेगळं सांगायला नको. परीक्षेचा पेपर तपासणारा विद्यार्थ्याच्याच पगारावर असेल तर निकाल काय लागतील?

एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अभ्यासकांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४००हून अधिक कारखान्यांत दोन वर्षं एक प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या कारखान्यांत जुनी पद्धत चालू ठेवली. उरलेल्यांत चार बदल केले. परीक्षक कारखान्याने निवडायचा नाही, चिठ्ठी टाकल्यासारखा नेमून द्यायचा. फी एका मध्यवर्ती निधीतून द्यायची. ती सगळ्यांना ठरलेली, एकसारखी. आणि परीक्षकाने घेतलेल्या काही मोजमापांची दुसऱ्याकडून फेरतपासणी करायची. पुढच्या टप्प्यात फीचा काही भाग अचूकतेला जोडला.

जुन्या पद्धतीत परीक्षकांनी लिहिलं होतं की धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने फक्त ७ टक्के आहेत. स्वतंत्रपणे मोजल्यावर ते निघाले ५९ टक्के. आणि गंमत बघा, लिहिलेले आकडे मर्यादेच्या जरासे खाली येऊन दाटीवाटीने उभे होते. चिमणीपाशी जायची तसदी तरी घेतली होती की नाही, अशी शंका यावी. नव्या पद्धतीत, नियम मोडत असलेल्या कारखान्याला खोटंच 'नियमात आहे' म्हणण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी उतरलं. आणि पुढची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: खरे आकडे मंडळापर्यंत जाऊ लागल्यावर कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं.

आपल्यासारख्यांनी थांबून विचार करावा असा मुद्दा याच्या पुढचा आहे. काही परीक्षक संस्था दोन्ही गटांत काम करत होत्या. तीच संस्था, तेच यंत्र, त्याच काळात. नव्या पद्धतीतल्या कारखान्यात ती खरं लिहीत होती, आणि जुन्या पद्धतीतल्या कारखान्यात खोटं. आता सांगा, तो परीक्षक प्रामाणिक की अप्रामाणिक? हा प्रश्नच अपुरा आहे, असं आपल्याला म्हणावं लागतं. जुन्या व्यवस्थेत खरं लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळालं नसतं. तिथे प्रामाणिकपणा म्हणजे शूरपणा होता. आणि सगळ्या समाजाने रोज शूर असावं अशी अपेक्षा ठेवून कुठलीही व्यवस्था उभी राहत नाही. नव्या व्यवस्थेने कुणालाही प्रवचन दिलं नाही. तिने प्रामाणिकपणा साध्या माणसाला परवडेल असा केला.

हाच धागा सत्यमच्या प्रकरणात होता. ७ जानेवारी २००९ला कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून हजारो कोटींचा खोटा हिशेब कबूल केला, तोवर लेखापरीक्षकांच्या सह्या वर्षानुवर्षं होत राहिल्या होत्या. २०१३च्या कंपनी कायद्यात लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलण्याची सक्ती आली. त्यांच्यावर लक्ष ठेवणारं स्वतंत्र प्राधिकरणही त्याच कायद्याने ठरवलं, ते २०१८मध्ये प्रत्यक्षात आलं. पण फी अजून कंपनीच देते. हा प्रश्न अर्धाच सुटलेला आहे.

जास्त तपासणी की चांगली तपासणी?

याच अभ्यासकांच्या गटाने गुजरातेत आणखी एक प्रयोग केला. काही कारखान्यांच्या तपासण्या जवळजवळ दुप्पट केल्या, आणि त्या वाढीव तपासण्या कुणाकडेही, न निवडता केल्या. नियमभंग जास्त सापडले, पण सरासरी प्रदूषण फारसं उतरलं नाही. वाढीव तपासण्यांत बरेचसे लहानसहान दोष निघत होते आणि त्यांवर कारवाई होत नव्हती. सगळ्यांत वाईट कारखाने कोणते, ते जुन्या तपासनिसांना बहुधा आधीच ठाऊक होतं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. अनुभवी तपासनिसाची नजर ही मोलाची गोष्ट आहे. 'इन्स्पेक्टर राज' म्हणून ती सरसकट काढून टाकली तर आपण ज्ञान गमावतो. पण तीच नजर हप्त्यासाठीही वापरता येते. म्हणून नजर ठेवायची, आणि ती कशी वापरली याची नोंद उघड करायची. सुरतमध्ये २०१९पासून दुसरा रस्ता चालून बघितला. कापड उद्योगातल्या ३००हून अधिक कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं आली. त्यांतल्या साधारण निम्म्या कारखान्यांसाठी धूलिकणांची एकूण मर्यादा ठरवली, आणि त्या मर्यादेतले परवाने आपसात विकत घेण्या-देण्याची मुभा दिली. या बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. इथे वर्षातून एकदा येणारा साहेब नाही, रोजचा आकडा आहे. आकड्याला चहा पाजता येत नाही. अर्थात यंत्राची नळी वाकडी करणारे निघतीलच, म्हणून माणसाची नजर तरीही लागणारच.

उघडपणाचाही उपयोग होतो. इंडोनेशियाने १९९५मध्ये कारखान्यांना रंग द्यायला सुरुवात केली, सोनेरीपासून काळ्यापर्यंत. पण आधी फक्त चांगल्यांची नावं जाहीर केली. वाईटांना खाजगीत सांगून सुधारायला काही महिने दिले, आणि मग यादी उघड केली. लाज वाटायला वाव ठेवला, चव्हाट्यावर आणायची घाई केली नाही. आपल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१७मध्ये चिमणीच्या मोजमापांवरून कारखान्यांना १ ते ५ तारे देण्याची योजना सुरू केली. आपल्या गावाजवळचा कारखाना किती ताऱ्यांचा, हे नागरिकांनी विचारलं तरच त्या ताऱ्यांना अर्थ येतो.

बोलणाऱ्याचं काय होतं?

शेवटचा भाग माणसाबद्दल. १ डिसेंबर १९७४ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगराला धडकून ९२ माणसं गेली. नंतर कळलं, सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या विमानाने तीच चूक केली होती आणि थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. इतरांपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. मग विमान वाहतुकीच्या नियामकाने चुका कळवण्याची योजना आणली. वैमानिक बिचकले. शिक्षा देणाऱ्याच्याच हातात कबुलीजबाब कोण देणार? १९७६मध्ये ते काम नासाकडे सोपवलं गेलं. नासाकडे शिक्षेचा अधिकार नव्हता. नाव गुप्त राहायचं. आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंड माफ. नियामकाने शिक्षेचा थोडा अधिकार सोडला आणि त्याच्या बदल्यात सत्य मिळवलं.

आता आपल्याकडे बघू. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंता. रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरत राहिलं. नोव्हेंबर २००३मध्ये गया इथे त्यांचा खून झाला. खुनामागच्या हेतूबद्दल मतभेद आहेत. नाव फुटलं, याबद्दल मतभेद नाहीत. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४मध्ये केला, पण तो अंमलात आणला गेला नाही. अशा देशात प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर 'आमची मूल्ये' अशी पाटी लावून काय होणार? खरं सांगणारा एक माणूस हरला की बघणारे शंभर गप्प बसायला शिकतात. तो सुखरूप राहिला तर ते शंभर उलटं शिकतात.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याचा प्रश्न आला : 'नियामकच विकला गेला तर?' उत्तर असं की तोही एक संस्थाच आहे, म्हणून त्याला तेच लागू करायचं. त्याच्या तपासण्यांची फेरतपासणी, त्याचे आकडे उघड, आणि त्याच्या आतल्या प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण. ज्या राज्यात खरं काम करणाऱ्या अधिकाऱ्याची वर्षाला दोनदा बदली होते, तिथे कुंपण शेत खातं याचं नवल वाटू नये.

दुसरा प्रश्न : 'हे सगळं भीती आणि फायद्यावर चालतं, मग यात नीती कुठे आली?' कांट हेच विचारेल. आपलं उत्तर असं आहे. परीक्षकाने आज फी सुरक्षित आहे म्हणून खरं लिहिलं, हे कर्तव्याशी जुळणारं वागणं झालं, मान्य. पण ज्या जागी खरं लिहिणं शक्य असतं, तिथे काही माणसं खरेपणासाठीच खरं लिहू लागतात. नवीन आलेली मुलं ते बघून 'इथे असंच करतात' हे शिकतात. पाणी देऊन बी निर्माण होत नाही, हे खरं. पण कोरड्या जमिनीत आहे ते बीही मरतं. नियामकाच्या हातात पाणी आहे, आणि ते कुठे सोडायचं हे विचारण्याचा हक्क आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.